जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलांचा जुना खोकला आणि दम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या वेळेवर चालू आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) टीएनडी, म्हणजे तपासणीत न सापडण्याइतका कमी आहे, टीबीचा कोर्सही होऊन गेला, तरी पोरगं खोकतंच आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बहुतेक वेळा हाच असतो. विचारणारे आजी, मावशी, मामा, बालगृहातल्या ताई आणि अलीकडे स्वतः मुलंमुलीही. उत्तरं वाचून औषध चालू किंवा बंद करू नका. डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं, एवढ्यासाठी ही आहेत.

१. हा आजार नेमका कोणता? टीबीच ना?

नाही, हा टीबीपेक्षा वेगळा आजार आहे. जन्मतः एचआयव्ही असलेली मुलं मोठी होऊ लागली, तशी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या फुप्फुसांत एक कायमचा बिघाड दिसू लागला. फुप्फुसातल्या अगदी बारीक, दोन मिलिमीटरहून कमी रुंदीच्या श्वासनलिका सुजतात आणि हळूहळू व्रण धरून अरुंद होतात. जुन्या नळाच्या आत क्षार धरावा आणि पाण्याची धार बारीक व्हावी, तसं हवेचं होतं. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. काही मुलांच्या मोठ्या श्वासनलिकाही सैल होऊन रुंदावतात, त्यांत कफ साठतो आणि सकाळी भरपूर बेडका पडतो. त्याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात.

याचा एक पद्धतशीर अभ्यास झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे झाला. डॉ. रशिदा फेरांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ११६ किशोरवयीन मुलांची तपासणी करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. ज्यांचं सीटी स्कॅन झालं, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांत बारीक श्वासनलिकांच्या आजाराच्या खुणा होत्या. त्याआधी अशा मुलांच्या फुप्फुसाच्या तक्रारी टीबीच्या किंवा एलआयपी नावाच्या दुसऱ्या एका आजाराच्या खात्यात टाकल्या जात.

२. व्हायरल लोड टीएनडी आहे. मग फुप्फुस का बिघडलं?

कारण बहुतेक इजा गोळ्या सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. पहिली काही वर्षं फुप्फुसाच्या वाढीची असतात. त्याच काळात विषाणू मोकाट असतो, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो, प्रतिकारशक्ती सतत पेटलेली राहते. गोळ्या विषाणूला दाबतात. आधीच आकसलेली नळी त्या रुंद करू शकत नाहीत. विषाणू दबल्यावरही शरीरात थोडी सूज रेंगाळते, हेही एक कारण मानलं जातं.

म्हणून ‘रिपोर्ट चांगला आहे, तर खोकला मनाचा असेल’ असं कुणी म्हटलं, तर ते मान्य करू नका. आणि ‘गोळ्यांचा उपयोगच नाही’ असंही मनात आणू नका. गोळ्या थांबल्या, तर आहे ते फुप्फुसही जाईल.

३. आमच्या मुलीचं निदान नवव्या वर्षी झालं. उशीर झाल्याने हे झालं का?

उशिरा सुरू झालेली एआरटी हे धोक्याचं मोठं कारण आहे, हे खरं. पण स्वतःला दोष देऊ नका. भारतात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली आणि मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस आला. सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) किती आहे ते न पाहता सर्वांना लगेच गोळ्या देण्याचं धोरण २०१७ मध्ये आलं. त्याआधी मोठ्या मुलांसाठी आकडा घसरेपर्यंत थांबा, असं नियमच सांगत होते. शिवाय उपचार नसताना जन्मतः लागण झालेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधीच दगावतात. त्यामुळे ‘मोठं झालंय म्हणजे याला एचआयव्ही नसणार’ असा समज डॉक्टरांतही होता आणि पुष्कळ मुलांची तपासणीच झाली नाही.

घरात लहान भावंडं असतील आणि त्यांची तपासणी राहिली असेल, तर ती या आठवड्यात करून घ्या.

४. साधा खोकला आणि हा खोकला, फरक कसा ओळखायचा?

काळ बघा. चार आठवडे उलटले तरी न थांबणारा किंवा वर्षातून पुन्हा पुन्हा उलटणारा खोकला साधा नाही. त्यासोबत हे पाहा: जिना चढताना बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर धाप लागणे, सकाळी बेडका पडणे, वजन आणि उंची न वाढणे, शांत बसलेलं असतानाही श्वास भराभर चालणे.

आणखी एक खूण घरीच पाहता येते. मुलाला दोन्ही तर्जनींची नखं एकमेकांना पाठीला पाठ लावून टेकवायला सांगा. निरोगी बोटांत नखांच्या मुळाशी हिऱ्याच्या आकाराची छोटी फट दिसते. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगीर वाटत असतील, तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

काही मुलं खोकतच नाहीत, हे मात्र विसरू नका. त्यांना दमाची इतकी सवय झालेली असते की ती पळणंच सोडून देतात. ‘आमचा शांत आहे, मैदानावर जात नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकते. त्या शांतपणाची तपासणी व्हायला हवी.

५. छातीचा फोटो नॉर्मल आला. मग काळजी मिटली?

नाही. बारीक श्वासनलिकांचा आजार साध्या एक्स-रेवर बहुधा दिसतच नाही. सीटी स्कॅनमध्ये, विशेषतः श्वास बाहेर सोडलेल्या स्थितीत काढलेल्या चित्रात, हवा अडकलेले भाग काळसर ठिगळांसारखे दिसतात. प्रत्येक मुलाला सीटी लागतो असं नाही, त्यात किरणोत्सर्गही असतो. आधी फुंकर मारायची तपासणी (प्रश्न ६) आणि चालण्याआधी व नंतरचं ऑक्सिजन मोजणं, या दोन गोष्टी मागा. बसल्यावर ९७ दिसणारा आकडा सहा मिनिटं चालल्यावर ९१ वर येऊ शकतो.

घरी ऑक्सिमीटर असेल, तर बोट गरम आणि नेलपेंट काढलेलं असू द्या. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

६. फुंकर मारायची टेस्ट म्हणजे काय? मुलाला झेपेल?

ती स्पायरोमेट्री. साधारण सहा वर्षांपुढच्या मुलांना जमते. दुखत नाही, सुई नाही. आधी उंची मोजतात. नाकाला चिमटा लावतात. मग मूल छाती भरून श्वास घेतं, नळीभोवती ओठ घट्ट मिटतं आणि एकदम जोरात फुंकतं. खरी मेहनत त्यानंतर असते, कारण हवा संपली असं वाटलं तरी काही सेकंद फुंकत राहायचं असतं. पहिल्या फुंकरीत बहुतेकांची हवा गालातूनच निसटते. निदान तीन चांगल्या फुंकरी मिळेपर्यंत टेस्ट चालते. नंतर साल्ब्युटामॉलचा (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप देऊन पंधराएक मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पंपाने आकडा सुधारला, तर दम्याकडे कल जातो. न सुधारला, तर बारीक नळ्यांच्या कायमच्या आजाराकडे.

मेडिकल कॉलेजच्या छातीविकार विभागात ही सोय असते. एआरटी सेंटरमध्ये ती सहसा नसते, म्हणून तिथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या. टीबीचा संशय असेल, तर आधी थुंकीची तपासणी होऊ द्या. जोराच्या फुंकरीने खोलीतल्या इतरांना धोका पोचतो. आणि मुलाला घरी आदल्या दिवशी फुगा फुगवायला लावा. निम्मी भीती तिथेच जाते.

७. टीबीचा कोर्स दोनदा झाला, आता तिसऱ्यांदा सांगत आहेत. करायचा का?

नकार देऊ नका, पण एक प्रश्न नक्की विचारा: ‘थुंकीत जंतू सापडलाय की फोटोवरून सांगताय?’ एचआयव्हीसोबत टीबीचा धोका खरोखर मोठा असतो, आणि या मुलांच्या बेडक्यात जंतू कमी असल्याने तपासणी चुकू शकते. त्यामुळे डॉक्टर कधीकधी पुराव्याविना औषध सुरू करतात, ते गैर नाही. पण सीबीनॅट (थुंकीतला टीबीचा जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) निगेटिव्ह, ताप नाही, रात्री घाम नाही, वजन घटलेलं नाही, आणि आधीच्या दोन कोर्सनी खोकल्यात काडीचा फरक पडला नाही, असं असेल तर तिसऱ्या कोर्सआधी छातीविकार तज्ज्ञाचं मत आणि स्पायरोमेट्री मागणं हा तुमचा हक्क आहे.

दुसरी बाजूही सांगते. खरा टीबी बरा झाल्यावरही फुप्फुसात व्रण राहतात आणि त्यातून ब्रॉन्किएक्टॅसिस होतो. म्हणजे मागचं निदान बरोबर असूनही आताचा खोकला टीबीचा नसू शकतो. आणि ज्या मुलाला जुना फुप्फुसाचा आजार आहे, त्याला नव्याने टीबी होणार नाही असंही नाही. नेहमीचा खोकला बदलला, ताप आला किंवा वजन उतरलं, की पुन्हा थुंकी तपासायची.

टीबीचं औषध सुरू झालंच, तर डॉल्युटेग्राविर (एआरटीतलं एक औषध) घेणाऱ्या मुलांचा तो डोस रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे दिवसातून दोनदा करावा लागतो. दोन्ही विभागांना एकमेकांची औषधं माहीत आहेत ना, ते पाहा.

८. डॉक्टरांनी पंप दिला. म्हणजे दमा आहे? पंपाची सवय लागते का?

पंपाची सवय लागत नाही. दमा आहे की नाही ते प्रश्न ६ मधली पंपानंतरची फुंकर ठरवते. काही मुलांत दोन्ही आजार असतात आणि त्यांना पंपाचा उपयोग होतो. ज्यांच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात, त्यांना पंपाने फारसा फरक पडत नाही. वर्षानुवर्षं देत राहण्याऐवजी काही आठवड्यांनी फायदा मोजायला सांगा. पंप नेहमी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्या. नुसता तोंडात मारला, तर बरंचसं औषध घशातच बसतं.

९. मूल सेकंड लाइनच्या गोळ्यांवर आहे. पंप आणि नेब्युलायझर चालेल?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. माझ्या मते या पानावरचं सर्वांत उपयोगी उत्तर हे आहे.

सेकंड लाइन म्हणजे पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर दिलेल्या एचआयव्हीच्या गोळ्या. त्यांत बहुधा लोपिनाविर किंवा अटाझानाविरसोबत रिटोनाविर असतं. रिटोनाविर यकृतात काही औषधांचा निचरा अडवतं. ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन ही पंपात, नेब्युलायझरमध्ये आणि नाकाच्या फवाऱ्यात सर्रास वापरली जाणारी स्टेरॉइडं त्यांतलीच. ती एरवी फुप्फुसापुरती राहतात, पण रिटोनाविरसोबत रक्तात साठत जातात. काही आठवड्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटतं, पोटावर-मांड्यांवर लालसर जांभळ्या रेघा उठतात. शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची क्षमता झोपी जाते. घरचे म्हणतात, ‘बघा, अंग धरलं!’ आणि खूश होतात. म्हणूनच हे लवकर पकडलं जात नाही.

स्टेरॉइड लागणारच असेल, तर बेक्लोमेथासोन त्या मानाने सुरक्षित आहे. साल्ब्युटामॉल चालतं. साल्मेटेरॉल असलेला पंप रिटोनाविरसोबत टाळतात. वरची लक्षणं दिसली, तर पंप स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यानेही जीवाला धोका होतो. लगेच डॉक्टरांकडे जा. आणि खाजगी दवाखान्यात एचआयव्हीचं नाव काढायचं नसेल, तरी गोळ्यांची नावं तरी दाखवाच (लपवण्याविषयी प्रश्न १५ पाहा).

१०. ॲझिथ्रोमायसिन आठवड्यातून एकदा दिलं की बरं वाटतं असं ऐकलं. मेडिकलमधून आणू का?

आणू नका. याची नीट चाचणी झालेली आहे. हरारे आणि मलावीतल्या ब्लँटायर शहरात ६ ते १९ वर्षांच्या ३४७ मुलांना ४८ आठवडे, आठवड्यातून एकदा, ॲझिथ्रोमायसिन किंवा बिनऔषधी गोळी दिली गेली. ‘ब्रीद’ नावाच्या या चाचणीचा निकाल २०२० साली आला. फुंकरीचा आकडा सुधारला नाही. पण खोकला-दम अचानक वाढून आजारी पडण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं.

म्हणजे औषध फुप्फुस दुरुस्त करत नाही, पण पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या मुलाला आधार देऊ शकतं. बदल्यात नाका-घशातले जंतू या औषधाला दाद देईनासे होतात. हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होऊ शकतो. टीबी किंवा त्याच्या जातकुळीतला दुसरा जंतू लपलेला असेल, तर हे एकटं औषध प्रकरण बिघडवतं. वारंवार ॲडमिट होणाऱ्या मुलासाठी तज्ज्ञाने थुंकी आणि ईसीजी पाहून दिलं, तर मला ते योग्य वाटतं. प्रत्येक खोकल्यावर तीन दिवसांची पट्टी फोडणं मात्र मुळीच नाही.

११. औषध नाही, मग घरी करण्यासारखं काय?

कफ काढणं. बेडका पडणाऱ्या मुलाला याने जो आराम पडतो तो कुठल्या सिरपने पडत नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या आणि सकाळी उपाशीपोटी रोज करा. पद्धत अशी: काही शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास प्रत्येकी दोन-तीन सेकंद रोखून, मग तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ असा जोराचा उच्छ्वास, आरशावर वाफ धरतो तसा. खोकून खोकून घसा सोलण्याची गरज नाही, कफ आपोआप वर सरकतो.

बाटलीची युक्तीही चांगली आहे. बाटलीत सुमारे दहा सेंटिमीटर पाणी घ्यायचं, त्यात रबरी नळीचं टोक तळाजवळ ठेवायचं आणि हळूहळू, लांब फुंकून बुडबुडे काढायचे. आठ-दहा फुंकरी, मग ‘हाऽ’, मग विश्रांती. बाटलीचं तोंड झाकायचं नाही. पाणी रोज टाकायचं आणि बाटली धुऊन वाळवायची. बेडक्यात रक्त दिसलं, तर हे थांबवून दवाखाना गाठायचा.

१२. घरात चूल आहे आणि सासूबाई मिश्री भाजतात. खरंच फरक पडतो?

पडतो. मिश्री भाजतानाचा धूर म्हणजे तंबाखूचाच धूर, आणि तो बंद खोलीत कोंडलेला. आजीला दुखवायचं नसेल, तर भाजणं अंगणात आणि मूल शाळेत असताना करायला सांगा. चूल परसात काढा किंवा निदान पाणी तरी गॅसवर तापवा. मच्छर अगरबत्ती बंद करून मच्छरदाणी लावा. घरातल्या पुरुषांनी ‘मी दारात उभा राहून ओढतो’ म्हणू नये, धूर आत येतोच. आणि मुलांनो, मित्रांच्या आग्रहाने ‘एकच’ सिगारेट किंवा हुक्का, तुमच्या फुप्फुसाला तोही परवडत नाही.

१३. लसी कुठल्या?

फ्लूची सुई दरवर्षी. आणि न्यूमोकोकलची. सरकारी लसीकरणात ती देशभर २०२१ पासून आली, तीही बाळांसाठी, त्यामुळे आज किशोरवयात असलेल्यांना ती मिळालेली नसते. डोसचा क्रम डॉक्टर ठरवतील. नाकात फवारायची फ्लूची लस नको, सुईचीच घ्या.

१४. मी १७ वर्षांचा आहे. पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटरला मागे पडतो. सोडून देऊ?

तपासणीआधी काहीच सोडू नकोस. स्पायरोमेट्री आणि चालण्याची टेस्ट करून घे. ऑक्सिजन खाली येत नसेल, तर व्यायाम तुझ्यासाठी औषध आहे: हळूहळू अंतर वाढव, आधी वॉर्म-अप, सर्दी-तापात सुट्टी. धावताना बोलताही येईना, ओठ निळसर झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांब आणि डॉक्टरांना सांग. ऑक्सिजन खाली येत असेल, तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे का ते पाहायला हवं. तोवर वेळ लावून धावायचं नाही.

मैदान जमलं नाही, तर तो तुझ्या जिद्दीचा दोष नाही. लेखी परीक्षेच्या बळावर मिळणाऱ्या नोकऱ्यांची तयारी आत्तापासून जोडीने कर.

१५. मुलाला अजून एचआयव्हीबद्दल सांगितलेलं नाही. छातीविकार विभागात कुणी त्याच्यासमोर बोललं तर?

अपॉइंटमेंटच्या दिवशी आधी एकट्याने आत जा आणि डॉक्टरांना तसं सांगा. एचआयव्ही प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती गुप्त ठेवणं आणि उपचारात भेदभाव न करणं त्याने बंधनकारक केलंय. वीस किंवा अधिक माणसं काम करतात अशा रुग्णालयात तक्रार अधिकारी असलाच पाहिजे.

पण खरं सांगू? मूल बारा वर्षांचं होईपर्यंत त्याला टप्प्याटप्प्याने कळलेलं असावं, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ‘ही छातीची गोळी आहे’ असं सांगून एआरटी देणाऱ्या घरांत एक विशेष घोटाळा होतो: खोकला थांबला की मूल गोळी बंद करतं, आणि न थांबला तरी ‘उपयोग नाही’ म्हणून बंद करतं. एआरटी सेंटरच्या समुपदेशकाला सोबत घ्या. १०९७ या टोल-फ्री क्रमांकावरही बोलता येतं.

१६. रात्री कधी धावपळ करायची?

एक वाक्य एका दमात बोलता येईना, बसल्या जागी ऑक्सिजन ९२ च्या खाली, ओठ किंवा जीभ निळसर, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, गुंगी, खोकल्यातून रक्त, एकाएकी एका बाजूला छातीत कळ आणि धाप. यातलं एकही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. निघताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.

१७. स्पायरोमेट्रीच्या रिपोर्टवर अपेक्षित आकड्याच्या ‘७२ टक्के’ लिहिलंय. मुलगी वयाच्या मानाने बुटकी आहे, म्हणून कमी आलं का?

नाही. अपेक्षित आकडा वय, उंची आणि लिंग धरूनच काढतात, म्हणजे तिची तुलना तिच्याच उंचीच्या मुलीशी झालेली आहे. घोटाळा उंची अंदाजाने लिहिली की होतो. चपला काढून, भिंतीला टेकवून मोजली का ते विचारा. पाठीला बाक असेल, तर दोन्ही हात पसरून लांबी मोजतात.

एका आकड्यावर घाबरूही नका. दर सहा-बारा महिन्यांनी केलेल्या टेस्ट एकत्र ठेवून कल पाहायचा असतो. वाढीच्या वयात फुंकलेल्या हवेचा लिटरमधला आकडा वाढायला हवा. तो तिथेच अडकला असेल, तर तेही बिघडण्याचंच लक्षण आहे.

१८. हे बरं होईल का?

आकसलेल्या बारीक नळ्या पूर्ववत करणारं औषध आज नाही. घसरण थोपवता येते: एआरटी न चुकवणं, संसर्ग लवकर पकडणं, कफ काढणं, धूर टाळणं, लसी. लवकर एआरटी मिळालेल्या मुलांची फुप्फुसं पुष्कळ चांगली राहतात, आणि जुना आजार असलेली कितीतरी मुलं शिकतायत, कामं करतायत. फुप्फुसाचा हा आजार इतरांना लागत नाही. टीबी असेल तर गोष्ट वेगळी.

१९. मुलगा आता अठरा पूर्ण झाला. मोठ्यांच्या ओपीडीत डॉक्टरांनी ‘किती सिगारेट ओढतोस?’ विचारलं. त्याने कधीच ओढली नाही.

मोठ्यांच्या ओपीडीत फुंकरीचा आकडा असा कमी दिसला की आधी विडी-सिगारेटच आठवते, कारण तिथे रोज तसेच रुग्ण येतात. जन्मतः एचआयव्ही असलेल्यांची पहिली मोठी पिढी आत्ता तिथे पोचते आहे. एका कागदावर एवढं लिहून द्या: एचआयव्ही जन्मापासून, एआरटी कोणत्या वर्षी सुरू झाली, आजच्या गोळ्यांची नावं, टीबीचे कोर्स कधी आणि थुंकी पॉझिटिव्ह होती की नाही, स्पायरोमेट्रीचे सर्व रिपोर्ट तारखेनुसार, सीटीची सीडी. मूळ कागद घरी, झेरॉक्स फाइलमध्ये. आणि पहिल्या दोन-तीन भेटींना सोबत जा, पण बोलू त्यालाच द्या.